खोक्यात खोकं

गेल्या महिन्यात भाचा विचारायला आला, "मामा, स्पीकर कुठला घेऊ?" लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवून साठवलेले बहुतेक पैसे त्याने ॲम्प मॉडेलरवर उडवले होते. मॉडेलर म्हणजे व्हॉक्स, फेंडर, मार्शल अशा ॲम्पांचे आवाज आकडेमोडीने काढणारी डबी. १९९८ साली लाइन ६ कंपनीचा घेवड्याच्या आकाराचा लाल पॉड आला, त्याच कुळातली. उरलेल्या पैशांत मित्राचं चार स्पीकरवालं जुनं कॅबिनेट घ्यावं, असा त्याचा बेत.

पॉवर ॲम्प मागून आणला, जोडून पाहिलं. गिटारवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखा आवाज! पोराचं तोंड एवढंसं झालं.

दोष कॅबिनेटचा नव्हता, डबीचाही नव्हता. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने गप्प होत जातो. हे त्याचं वैगुण्य नव्हे. डिस्टॉर्शनमधली करकर तो गाळून टाकतो, म्हणूनच तर तो आवाज कानाला गोड लागतो. डबीत या कॅबिनेटची आणि त्यासमोर धरलेल्या माइकची नक्कल आधीच घातलेली असते. तो आवाज पुन्हा खऱ्या कॅबिनेटमधून काढला की गाळणं दोनदा होतं. (चहा दोनदा गाळलेला चालतो हो!) डबीतली नक्कल बंद केली आणि गोधडी उडाली.

मग ते कॅबिनेट घ्यावं का? माझं मत, बँडवाल्याने घेऊ नये. डबीत पन्नास ॲम्प असले तरी प्रत्येकाला त्या एकाच खोक्याचा रंग लागणार. मग पन्नासाचे पैसे कशाला मोजले? शिवाय असलं खोकं तीस-पस्तीस किलोचं, आणि वेगळा पॉवर ॲम्प घ्या, त्याचे ओहम जुळवा ही कटकट आहेच. त्यापेक्षा आत ॲम्प असलेला फुल-रेंज स्पीकर बरा. मात्र डबीतली नक्कल चालू ठेवायची आणि स्पीकरवरचं 'बास बूस्ट' बंद.

जुने वाजवणारे म्हणतात की त्यातून रेकॉर्ड ऐकल्यासारखं वाटतं, ॲम्प खोलीत असल्याचा भास होत नाही. खरं आहे त्यांचं. घरच्या घरी एकाच आवाजात ब्लूज वाजवणाऱ्याने खुशाल कॅबिनेट घ्यावं. मीही घेतलं असतं.

आणि स्पीकर निवडायचा तो उभं राहून, कार्यक्रमात असतो तेवढा आवाज ठेवून. मोठ्या आवाजात कानाला खर्ज आणि तार जास्त ऐकू येतात. मध्यरात्री हेडफोनवर जुळवलेला गोड आवाज मंडपात बोचतो.

भाच्याने शेवटी फुल-रेंजच घेतला. मित्राचं कॅबिनेट मात्र अजून आमच्या बल्कावात पडून आहे. न्यायला टेंपो मिळत नाही म्हणतो.