पैसे मोजताना दुसरा माणूस

31 मार्चला आर्थिक वर्ष संपले की आपल्या मंडळ्यांमध्ये वार्षिक सभांची तयारी सुरू होते. वह्या बाहेर निघतात, खजिनदार पावत्या शोधू लागतात आणि कुठे कुठे जुनी कुरबूर पुन्हा डोके वर काढते. हे मासिक पाळक, वडील आणि पंच यांच्यासाठी निघते, म्हणून या वेळी हिशेबाविषयीच लिहीत आहोत. हिशेब हा उपासनेबाहेरचा विषय आहे असे मानणारे सेवक आपल्यात पुष्कळ आहेत. प्रेषित पौल तसे मानत नव्हता.

यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया, अखया, गलतिया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले आठवा आणि नववा हे दोन्ही अध्याय याच वर्गणीविषयी आहेत. त्याआधी, पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात, तो करिंथकरांना सांगतो की पैसे नेणारी माणसे तुम्ही पारखून घ्या, मी त्यांना पत्रे देऊन पाठवीन. दुसऱ्या पत्रात तीताबरोबर आणखी दोघे बंधू येतात, आणि त्यांतल्या एकाला मंडळ्यांनीच या कामासाठी नेमलेले असते. एवढ्या मोठ्या दानावरून कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, आणि आपला व्यवहार देवासमोर जसा चोख तसाच माणसांसमोरही दिसावा, असे कारण पौल देतो. करिंथात त्याच्याविषयी कुजबुज होती. बाराव्या अध्यायात ती ऐकू येते. तरी पैशांच्या बाबतीत तो आपले प्रेषितपण पुढे करून कुणाचे तोंड बंद करत नाही. सोबतीला आणखी माणसे घेतो.

आता आपल्याकडे पाहू. उपासना संपल्यावर अर्पणाची थैली टेबलावर रिकामी करायची, दोघांनी नोटा-नाणी वेगळी करून मोजायची, रजिस्टरात आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या आणि पुढच्या रविवारी तो मंडळीला सांगायचा, ही रीत अनेक मंडळ्यांनी जपली आहे. पण रविवारी बँक बंद म्हणून थैली न मोजताच पाळकाच्या घरी जाते, अशाही मंडळ्या आहेत. हंगामाच्या उपकारस्तुतीला भोपळे, अंडी, कोंबड्या, बाजरीच्या पायल्या येतात, लिलाव रंगतो, उत्साहात मोठी बोली लागते. ती बरीचशी उधारीवर असते आणि उधारीची यादी कुणाच्या तरी पाकिटाच्या पाठीमागे राहून जाते. अलीकडे मंदिराच्या दाराशी क्यूआर कोड लावलेला दिसतो. तो मंडळीच्या खात्याचा की कुणाच्या स्वतःच्या खात्याचा, हे विचारायला लोकांना संकोच वाटतो. स्वतःच्या खात्याचा असेल तर तो आजच काढावा. त्या पाळकाने एक रुपयाही इकडचा तिकडे केला नसेल, हे आम्ही मान्य करतो. तरीही काढावा.

जमिनीच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे नोंदणीकृत न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन 10 वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी ती परवानगी लागते. मिशन कंपाउंडच्या जागेचा विषय पंचांच्या बैठकीत आला की हे कलम मोठ्याने वाचावे.

थैलीला जे लागू, ते सेवकाच्या आयुष्यालाही लागू आहे. भारतात जन्मलेले, जगभर ख्रिस्ती विश्वासाचे समर्थन करत फिरलेले वक्ते रवी झकरायस 2020 मध्ये वारले. त्यांची पुस्तके, व्याख्याने आपल्यातल्या अनेकांनी संदेशांसाठी वापरली आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मसाज करणाऱ्या अनेक स्त्रियांशी त्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तन त्यात नोंदवले होते. मदतकार्याच्या निधीतून अशा काही स्त्रियांना पैसे गेल्याचेही होते. 2017 मध्येच एका स्त्रीची तक्रार पुढे आली होती. तेव्हा संस्थेने झकरायस यांच्या शब्दावर विसंबून त्यांची बाजू घेतली, आणि अहवालानंतर संचालक मंडळाला त्याबद्दल जाहीर क्षमा मागावी लागली. इतक्या मोठ्या माणसाला कोण विचारणार, हा प्रश्न त्या मंडळाला पडला असेल, तसा तो आपल्या वडीलमंडळालाही पडतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असे सांगितले आहे, आणि हे वचन तक्रार दाबण्यासाठी फार वापरले जाते. पापात राहणाऱ्याला सर्वांदेखत दोष दाखवावा, असे लगेच पुढच्याच वचनात आहे. ते कुणी काढत नाही. तक्रार लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची असेल, तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. तिथे पंचांची बैठक बोलावण्यात वेळ घालवू नये.

दुसरी बाजूही लिहायला हवी, कारण ती सांगायला पाळक स्वतः लाजतात. खेड्यातल्या कितीतरी पाळकांचे वेतन महिनोन्‌महिने थकते. मुलांची फी भरायला ते मंडळीतल्याच एखाद्या सधन सभासदाकडून उसने घेतात. मग त्या सभासदाच्या घरातली भांडणे, त्याचे दारूचे व्यसन, भावाची बळकावलेली जमीन यांवर व्यासपीठावरून बोलायचे कसे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी आणि वेतन सोडले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते त्यांनी स्वतः सोडले होते. मंडळीने पाळकाचा पगार अडवून ठेवणे आणि त्याच्या त्यागाचे गोडवे गाणे हा अन्याय आहे, आणि पाळकाकडे हिशेब मागणाऱ्या पंचांनी आधी या अन्यायाचा हिशेब द्यायला हवा.

म्हणून यंदाच्या सभेसाठी दोन विनंत्या आहेत. लेखापरीक्षकाचा अहवाल सभेच्या किमान एक आठवडा आधी मंदिराच्या फलकावर लावावा आणि प्रत्येक सभासदाला, मग ती मागच्या बाकावर बसणारी विधवा का असेना, त्यावर प्रश्न विचारू द्यावा. आणि विषयपत्रिकेत पाळकांच्या थकलेल्या वेतनाचा विषय मंदिराच्या रंगकामाच्या आणि ध्वनिवर्धकाच्या खरेदीच्या आधी घ्यावा.