कपाटातील कार्ड आणि सुजलेला गाल

सहामाही परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी सातवीतील एक विद्यार्थी गालाला रुमाल बांधून वर्गात आला. बाईंनी विचारले तेव्हा "काही नाही, दाढ दुखतेय" एवढेच म्हणाला आणि गणिताचा पेपर पुरा केला. संध्याकाळपर्यंत सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना. रात्री त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. पू काढला, शिरेतून औषधे दिली, दाढही काढावी लागली. पाच दिवसांनी तो घरी आला. आता तो बरा आहे, आणि त्याच्या आई-वडिलांच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत.

नंतर आम्ही शाळेचे कपाट उघडले. मागच्या वर्षीच्या दंत तपासणी शिबिराची कार्डे तिथे नीट दोरी बांधून ठेवलेली होती. त्याच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहिले होते : खालची उजवी दाढ किडली आहे, भरून घ्यावी. खाली पालकांची सही. म्हणजे डॉक्टरांनी पाहिले, पालकांनी वाचले, शाळेने जपून ठेवले, आणि दाढ मात्र किडतच राहिली.

पालकांना दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या आईने सांगितले की ती दाढ दुधाची असेल, पडून दुसरी येईल, असे त्यांना वाटले. हा गैरसमज घरोघरी आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ उगवते, ती कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हेच घरात कळत नाही. आणि दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, त्यांना कीड लागली तर त्यांनाही पू होतो. "पडणारच आहे" म्हणून सोडून द्यावे असे त्यात काही नाही.

कीड वरच्या कठीण थरातून आत शिरते तेव्हा फक्त गार-गोड लागले की झिणझिण्या येतात. या वेळी दाढ भरली तर काम एका बैठकीत होते. ती मधल्या नसेपर्यंत पोहोचली की ठणका सुरू होतो, रात्री आडवे पडल्यावर जास्तच. मग एक दिवस ठणका अचानक थांबतो. घरातले म्हणतात, बरे झाले, लवंगेच्या तेलाने गुण आला. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाशी पू साठवू लागलेले असतात. हिरडीवर फोड येतो, फुटतो, तोंडात खारट-कडू चव येते, पुन्हा भरतो. आमच्या या विद्यार्थ्याचे नेमके असेच झाले होते, उन्हाळ्याच्या सुटीत.

मग मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या गेल्या. तीन दिवस घेतल्या, सूज उतरली, उरलेल्या डब्यात राहिल्या. मेलेल्या नसेत रक्त पोहोचत नाही, मग औषध तरी तिथे कसे पोहोचणार? पू बाहेर काढणे, रूट कॅनल करणे किंवा दाढ काढणे, हाच उपचार. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने २०१९ साली मोठ्या माणसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच आहे : दाताचा इलाज लगेच होऊ शकत असेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नाही. ताप असेल, सूज पसरत असेल, तर ती हवीत, पण डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढी.

गरम पाण्याची पिशवी गालावर धरू नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर हिरडी भाजते, आणि मुलांना ती पोटातही देऊ नये. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या जरूर कराव्यात, पण त्या डॉक्टरांकडे जाईपर्यंतच्या. आणि जबड्याखाली सूज, गिळायला किंवा श्वासाला त्रास, तोंड न उघडणे, डोळ्याकडे चढणारी सूज, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जिभेखाली पसरणाऱ्या या सुजेचे वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. श्वासनलिका दाबली जाऊन यात जीव जाऊ शकतो.

वरची दाढ काढली की नजर जाते, असे आमच्या एका आजीबाईंनी याच प्रसंगी ऐकवले. तसे काही होत नाही. त्यांच्या स्वतःच्या वरच्या दाढा केव्हाच गेल्या आहेत आणि सुईत दोरा त्याच ओवतात.

आता विश्वस्त मंडळाला आमचे म्हणणे. शिबिर भरवले, फोटो निघाला, कार्डे वाटली, एवढ्यावर आपण समाधान मानतो. ज्यांच्या कार्डावर शेरा आहे त्यांची यादी वर्गशिक्षिकेकडे असावी आणि सहा आठवड्यांनी "दाढ भरली का?" हे विचारले जावे. ज्या घरांना खर्च झेपत नाही, त्या मुलांना इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जायला शाळेची गाडी आणि एक शिक्षक द्यावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग यासाठी काढता येईल. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याची पद्धतही थांबावी. दाताला चिकटणारे गोड दिवसातून चार वेळा खाणे हे रविवारच्या पोहे-जिलबीपेक्षा वाईट. (जिलबीवर बंदी घाला म्हणण्याइतके धैर्य इंदुरात आमच्यात नाही.)

आणखी एक गोष्ट, जी सांगताना आम्हाला अवघड वाटते. तो मुलगा सूज घेऊन शाळेत का आला, हे आम्ही त्याला विचारले. पेपर तर होताच, पण त्याआधीचे चार दिवसही तो दुखत असताना येत होता. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस त्याला हवे होते. गेली दोन वर्षे ते त्यालाच मिळाले आहे, टाळ्याही आम्हीच वाजवल्या आहेत. दवाखान्यात गेलेला दिवस गैरहजेरीत धरू नये, असा ठराव मंडळाने पुढच्या बैठकीत करावा, आणि तो याच वर्षापासून लागू करावा.

कार्डे आम्ही कपाटातून काढली आहेत. सहावी आणि सातवीच्या याद्या सोमवारी वर्गशिक्षिकांकडे जातील.