सहल यादीची की शहराची?

(द्वितीय वर्ष, कला)

दरवर्षी डिसेंबर उजाडला की महाविद्यालयाच्या फलकावर शैक्षणिक सहलीची सूचना लागते. वर स्थळांची यादी असते आणि खाली वर्गणीचा आकडा. यादी वाचून मुले हरखतात, आकडा वाचून त्यांतली निम्मी मागे फिरतात. उरलेली जाऊन येतात, फोटो दाखवतात आणि ‘सहल उत्साहात पार पडली’ असे वाक्य वार्षिक अहवालात येते. या प्रकाराविषयी मला दोन शब्द स्पष्टपणे लिहायचे आहेत. ते हवेत राहू नयेत म्हणून गेल्या वर्षी आपल्या इतिहास विभागाने पाहिलेल्या कोचीचेच उदाहरण घेतो.

कोची पाहण्यासारखे आहे, याबद्दल वाद नाही. 1341 च्या महापुराने मुझिरिसचे जुने बंदर निकामी झाले आणि कोचीचे तोंड मोकळे झाले, असे मानले जाते. मिरीच्या ओढीने 1500 साली पोर्तुगीज आले. 1663 मध्ये डचांनी त्यांना हुसकावले आणि 1795 मध्ये इंग्रजांनी डचांना. वास्को द गामा 1524 साली इथेच वारला आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरले गेले. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. त्याच्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. जवळच ज्यूंचे 1568 चे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या जमिनीवर चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या बसवल्या आहेत.

हे सगळे आम्ही एका सकाळीत पाहिले! उतरा, पाहा, चढा. मार्गदर्शकाने सनावळ्या सांगितल्या, आम्ही वहीत उतरवल्या. पण राजे, गव्हर्नर आणि दर्यावर्दी सोडले तर त्या शहरात दुसरे कोणी कधी राहिले होते की नाही, हे काही त्यातून कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी आम्हांला चार तास मोकळे सोडले. आम्ही सहा जण एर्नाकुलमच्या धक्क्यावर गेलो आणि सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटीत बसलो. आपल्याकडे जशी एस.टी., तशी तिथे ही बोट. रस्त्याने पूल ओलांडत, वळसा घालत जावे लागते ते फोर्ट कोची बोटीने वीस-पंचवीस मिनिटांत येते आणि तिकीट चहाच्या कपाहूनही स्वस्त पडते. 2023 पासून तिथे विजेवर चालणारी वॉटर मेट्रोही आहे. ती चकचकीत आहे, पण जुनी बोटही भरून वाहते. आमच्या बोटीत कारकून होते, मासळीची रिकामी टोपली घेतलेल्या बाया होत्या आणि आमच्याच वयाच्या कॉलेजच्या मुली होत्या. वाटेत विलिंग्डन बेट लागते. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनियराने बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून ते तयार करवले. 1928 साली त्या नव्या बंदरात शिरलेली पहिली आगबोट ‘पद्मा’ आपल्या मुंबईहून आली होती. बसच्या खिडकीतून बेट दिसते, पण तो रस्ता माणसाने समुद्रातून उपसून काढला आहे हे पाण्यावरून जाताना उमगते.

जेवणाचेही तसेच. सहलीबरोबर आचारी होता. कोचीत बसून आम्ही पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली! पोट बिघडू नये हा हेतू चांगला होता. पण त्या दुपारी आम्ही एका साध्या खाणावळीत शिरलो. केळीच्या पानावर तांबूस जाड्या तांदळाचा भात, सांबार, अवियल, खोबरे घातलेली भाजी, पापड आणि ताक. भात पुन्हा पुन्हा वाढतात. पाणी मात्र कोमट आणि गुलाबी! पतिमुखम् नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून ते उकळतात, असे वाढणाऱ्याने खुणांनी समजावले. शाकाहारी मुलांची अडचण झाली नाही. मासा वेगळा मागावा लागतो. ज्यांनी मागितला त्यांच्या रश्श्यात कुडंपुळीचा आंबटपणा होता, म्हणजे आपल्या कोकमाच्याच जवळच्या नातलगाचा. कोकण आणि मलबार हा एकच किनारा आहे हे भूगोलात वाचले होते, ते त्या दिवशी जिभेला कळले.

जेवून आम्ही मट्टांचेरीच्या बाजार रस्त्याने चालत निघालो. दोन्ही बाजूंना जुनी गोदामे, हवेत सुंठ-मिरीचा वास. एका चहाच्या टपरीवर, काही वर्षे मुंबईत काढलेला एक वृद्ध हमाल भेटला. त्याने मोडक्या हिंदीत ‘चाप्पा’ म्हणजे काय ते सांगितले. सकाळी बंदरावर कामासाठी माणसे जमत. मुकादम धातूचे बिल्ले गर्दीत भिरकावी. ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवसाचे काम, बाकीचे उपाशी. त्या बिल्ल्यासाठी माणसे एकमेकांना तुडवीत. या पद्धतीविरुद्ध कामगार उठले. सप्टेंबर 1953 मध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कामगारांचे बळी गेले. परत आल्यावर मी ग्रंथालयात शोधले. म्हाताऱ्याचे साल बरोबर होते.

माझे वडील आडत बाजारात हमाली करतात. महाराष्ट्रात माथाडी कायदा 1969 साली झाला, तो कशासाठी झाला हे मला त्या टपरीवर जितके समजले तितके पुस्तकात समजले नव्हते. मिरीसाठी जग कोचीला आले हे खरे, पण मिरीची पोती जहाजावर आपोआप चढत नव्हती. ती ज्यांच्या पाठीवरून चढली त्यांचे नाव आमच्या यादीत नव्हते.

तिथून जवळच चेरळाई. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. तिथे कोकणी कानावर पडली आणि आम्ही दचकून थांबलो. डच गव्हर्नर व्हॅन र्‍हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या 1678 च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचे कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले आहे. आणि झाडपाल्याचे ज्ञान ज्यांनी पुरवले त्यांत प्रमुख होते इट्टी अच्युदन, ईळव समाजातले वैद्य. त्या काळी या समाजाला देवळात प्रवेश नव्हता. मार्गदर्शकाने आम्हांला डच राजवाडा दाखवला, पण हे नाव घेतले नाही.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. मुले हरवतील, वेळ जाईल, मुलींची जबाबदारी कोण घेणार? प्राध्यापकांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण सहा-सहा जणांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक विषय व परतीची वेळ नेमून द्यावी, म्हणजे शिस्त राहते. आमच्या गटात दोन मुली होत्या. दिवसाढवळ्या भरलेल्या सरकारी बोटीत त्यांना काही धोका वाटला नाही. वेळेचे म्हणाल तर यादीतली दोन स्थळे कमी करावीत. दहा स्थळे धावत पाहण्यापेक्षा चार स्थळे चालत पाहिली तर इतिहासाचे काही नुकसान होणार नाही.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्गणीतला मोठा भाग खास बस, आचारी आणि हॉटेल यांवर जातो. त्याऐवजी नेत्रावती एक्स्प्रेसचा साधा डबा, धर्मशाळेत मुक्काम, स्थानिक खाणावळ आणि सरकारी बोट असा बेत केला तर खर्च पुष्कळ उतरेल आणि फलकापासून मागे फिरणाऱ्यांतले कित्येक जण बरोबर येतील. गंमत अशी की पैसे वाचवण्याची वाट आणि शहर समजण्याची वाट इथे एकच आहे. आज मात्र बंदरावरच्या हमालाची गोष्ट ज्यांना सर्वांत आधी समजली असती, नेमकी तीच मुले वर्गणीअभावी घरी राहतात.

तेव्हा गुरुजनांना विनंती आहे, पुढच्या सहलीची आखणी करताना एकदा आम्हां विद्यार्थ्यांनाही बोलवावे. आम्ही वेळापत्रके पाहू, तिकिटांची चौकशी करू, हिशेब ठेवू. दूरच्या गावी पोचायला पैसा लागतो. तिथे पोचल्यावर लागतात पाय, आणि थोडा मोकळा वेळ. पाय आमचे आहेत, वेळ तेवढा आपण द्यावा.