भाकरी कशावर भाजायची?

भालकीत आमच्या जुन्या घरामागे नवीन बांधकाम चालू आहे. परवा गिलाव्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन स्वयंपाकघरात उभा राहिला. "अक्का, इल्लि एनु माडबेकु?" ओट्याच्या भिंतीत गॅसच्या नळीसाठी भोक ठेवायचं, की विजेच्या शेगडीसाठी जाड तार टाकायची? सांगायचं ते आजच, उद्या भिंत बंद.

"विचारून सांगते," म्हटलं आणि घरात महाभारत सुरू झालं.

मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, गॅस नकोच. सगळं घर विजेवर कर." त्याची चुलत बहीण मेलबर्नला असते. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून प्लॅनिंग परमिट लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणीच मिळत नाही. नेदरलँड्समध्ये असा नियम जुलै २०१८ मध्येच आला. तिथे ग्रोनिंगेन भागात जमिनीतला गॅस उपसून उपसून भूकंपाचे धक्के बसू लागले होते, घरांना तडे गेले होते. शिवाय गॅस जाळून हवामान तापतं, आणि बंद स्वयंपाकघरात त्याच्या ज्योतीतून निघणारा वायू लहान मुलांच्या छातीला त्रास देतो, हेही आहेच.

आमच्या आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मग भाकरी कशावर भाजायची?"

हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या बर्कले शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची नळी बंद केली, तेव्हा कोर्टात गेली ती हॉटेलवाल्यांचीच संघटना. त्यांनाही जाळ हवा होता. २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो नियम रद्द ठरवला.

मी शेजारणीची इंडक्शन शेगडी आणून ज्वारीची भाकरी करून पाहिली. सपाट लोखंडी तवा चालतो. पण शेगडीची चकती तव्याहून लहान, त्यामुळे मध्ये भाकरी करपते आणि कडा कच्च्या राहतात. शेवटी जाळावर धरून फुगवायची सोयच नाही. मात्र आपली कडक भाकरी, म्हणजे कन्नडमधली खडक रोट्टी, मंद आचेवर फिरवत वाळवली तर छान झाली. चहा, दूध, वरण, कुकर यांची तर तक्रारच नाही. पितळी आणि ॲल्युमिनियमची भांडी तेवढी बाजूला ठेवावी लागतात. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं तर ते चालतं, एवढी खूण पुरे.

मग वही घेऊन हिशेबाला बसले. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण सव्वाशे युनिटमध्ये होतं, कारण गॅसची बरीच आच भांड्याच्या बाजूने वाया जाते. आमचा सिलिंडर दीड महिना पुरतो, म्हणजे महिन्याला ऐंशीएक युनिट वाढणार. दर बदलत राहतात, तेव्हा गुणाकार आपापल्या बिलावरून करा. आणि 'गृहज्योती'त वीज फुकटच आहे असं धरून चालू नका. २०२३ पासूनच्या या योजनेत किती युनिट माफ, हे आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरतं. त्यावरचे पैसे आपण भरायचे, आणि २०० युनिट ओलांडले तर सगळंच बिल आपलं.

दुसरी गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वळवाचा पाऊस आला की "करेंट होय्तु!" अशी आरोळी आधी ऐकू येते, मग ढग गडगडतात. मुलगा म्हणतो, छपरावर सोलर बसव. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. खरं आहे, पण बॅटरी नसलेलं साधं सोलर बाहेरची वीज गेली की तेही थांबतं. आणि रायचूरजवळ शक्तिनगरला कोळसा जळतो, तोही धूरच. फक्त आपल्या ओट्यावर दिसत नाही.

सक्ती मुळातच वाईट, असं मला वाटत नाही. २००७ मध्ये कर्नाटक सरकारने ठरावीक नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर बंधनकारक केला, तेव्हाही कुरकुर झाली होती. सिलिंडरची बाजूही भक्कम नाही. देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. पण 'सगळं विजेवर' हा नियम आपल्याकडे आणायचा असेल, तर आधी वीज चोवीस तास टिकली पाहिजे. नाहीतर पहिल्याच पावसात बाईला पुन्हा चुलीपुढे बसावं लागेल.

हे मी का म्हणते, ते आत्याबाईंचे डोळे पाहिले की कळतं. चाळीस वर्षं तुराट्या आणि शेणी फुंकून ते कायमचे लाल झालेत, खोकलाही गेला नाही. घरात गॅस आला तेव्हा स्फोटाच्या भीतीने त्या महिनाभर त्याच्या जवळ गेल्या नव्हत्या. आज त्याच गॅसची बाजू घेऊन भांडतात. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तू तुझं ठरव. माझ्या सुनेला धूर नको, एवढंच."

संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, दोन्ही कर. चार स्क्वेअर एमएमची वेगळी तार, १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग. मंजूर लोड वाढवायचा अर्जही देतोय. नळीचं भोकही ठेवलं. कुकर आणि चहा विजेवर, भाकरी गॅसवर.

तुमचंही बांधकाम चालू असेल तर गिलाव्याआधी तेवढी तार टाकून घ्या. नंतर भिंत फोडायची म्हणजे दुप्पट खर्च. वेळ अमावास्येला शेतात चूल पेटेल तेव्हा आत्याबाई तिथे जाळावर भाकरी फुगवणारच आहेत. मी मात्र त्यांना वाऱ्याच्या बाजूला बसवणार.

तुमच्या घरी काय ठरलं, जरूर कळवा.