टाके कोण बघणार?



मागच्या अंकानंतर तिरोड्यात आमची बैठक झाली, तेव्हा विषय होता कर्जाच्या हप्त्यांचा. कुणी बियाण्यासाठी घेतलेलं, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी, कुणी नवऱ्याच्या दुखण्यापायी. एक जण मात्र गप्प होती. बैठक संपली, सतरंज्या गोळा झाल्या, तेव्हा ती मागे थांबली आणि म्हणाली, "माझं कर्ज पोटाच्या ऑपरेशनचं आहे. पण आजार काही नव्हता."

पुढचं तिने सांगितलं ते तिच्या परवानगीने लिहीत आहोत. तिचं वय, काम, गल्ली काहीही सांगणार नाही. आमच्या भागातल्या बायका अशा ऑपरेशनला नागपूरला जातात, रायपूरला जातात. ती कुठे गेली तेही सांगत नाही.

दोन बाळंतपणं, दोन्ही सिझेरियन. पोट सुटलेलं, कातडी लोंबलेली. मुलं मोठी झाली, नोकरी लागली, हातात स्वतःचे पैसे आले, तेव्हा तिला वाटलं की आता हे आपण करून घ्यावं. "नवऱ्याने सांगितलं नव्हतं. मलाच हवं होतं," हे तिने दोनदा सांगितलं. मोबाईलवर जाहिरात पाहिली, फोन केला. पलीकडून बोलणारी बाई गोड होती, रोज विचारपूस करायची. दीड लाखाचं पॅकेज, हप्त्यांची सोय. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. पोटावर घट्ट पट्टा, दोन बाजूंना दोन नळ्या, हातात गोळ्या आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. त्याच संध्याकाळी गाडीत बसून ती वाकत वाकत तिरोड्याला आली.

घरात खरं काय ते फक्त जावेला ठाऊक होतं. सासूला सांगितलं होतं, हर्नियाचं ऑपरेशन. सातवी शिकलेल्या या जावेने मुलाच्या जुन्या वहीत दोन रकाने आखले आणि दोन्ही नळ्यांतून सकाळ-संध्याकाळ किती पाणी आलं ते मोजून लिहिलं. पाणी भरणं, स्वयंपाक, धुणं, सगळं तिनेच केलं.

सहाव्या दिवशी टाक्यांची जागा लाल झाली, ताप आला. गोड बोलणाऱ्या बाईचा फोन आता लागत नव्हता. दुसऱ्या नंबरवरून निरोप आला, फोटो पाठवा. पाठवले. रात्री उत्तर आलं, थोडी सूज असतेच. गावातल्या खाजगी डॉक्टरांनी हात लावला नाही. ज्यांनी केलं त्यांच्याकडे जा, म्हणाले. तिकडे जायचं तर पुन्हा प्रवास, पुन्हा रजा, पुन्हा घरी खोटं बोलणं. आठव्या दिवशी जाऊच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या सिस्टरने पट्टा सोडला, वास येताच डॉक्टरांना बोलावलं. दोन टाके उघडून पू काढला. पुढे तीन आठवडे रोज ड्रेसिंग. जखम भरायला अडीच महिने गेले. "त्या सिस्टरने कशाला केलं म्हणून विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं," असं ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती."

हे ऐकून आमच्यातल्याही एकीच्या तोंडून निघून गेलं, "मग हौस करायचीच कशाला?" अग्रलेख लिहावासा वाटला तो या प्रश्नामुळे.

*

हौस हा शब्द आपल्याकडे बाईला गप्प बसवायला फार उपयोगी पडतो. ज्या समाजात लग्नाच्या जाहिरातीत गोरी आणि सडपातळ मुलगी मागतात, बाळंतपणानंतर पोटावरून दीर-नणंदा थट्टा करतात, त्याच समाजात बाई शरीर बदलायला गेली की ती हौशी ठरते. दडपण सगळ्यांचं, आणि निर्णयाचा दोष तिच्या एकटीचा. आपली चळवळही यातून पूर्ण सुटलेली नाही. 1996 साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली तेव्हा देशभरातल्या संघटनांनी विरोध केला. सौंदर्याच्या बाजारावरची ती टीका आजही खरी आहे. पण बाजारावर टीका करता करता त्या बाजारात फसलेल्या बाईलाच आपण फटकारायला लागलो, तर ती आपल्याकडे येणार नाही. ती घरी पडून राहील, ताप अंगावर काढेल.

आमचं म्हणणं सरळ आहे. ऑपरेशन करावं की नाही यावर आपण वाद घालू, घालायलाच हवा. पण ते झाल्यावर जखमेची काळजी घेतली जाणं हा तिचा हक्क आहे, मग ऑपरेशन हौसेचं असो की गरजेचं. जखमेला हौस कळत नाही.

या हक्काची आठवण आपल्याच मातीत आहे. 1792 च्या इंग्रज-टिपू लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. त्याचा वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. तो वाचून तिकडच्या डॉक्टरांनी ही रीत उचलली, आणि 1814 साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तसं ऑपरेशन केलं. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख हमखास येतो.

त्या वृत्तांतात ऑपरेशननंतरच्या दिवसांचा हिशेब आहे, आणि आम्हाला त्याचंच महत्त्व वाटतं. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या पट्ट्या सांध्यावर बसवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्याला उताणं झोपवून ठेवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापड घालायचं. कपाळाला जोडलेली कातडीची पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. म्हणजे काम अर्धं ऑपरेशनच्या दिवशी होत होतं आणि अर्धं पुढच्या पंचवीस दिवसांत. डॉक्टरीची पदवी नसलेल्या त्या कारागिराला हे कळत होतं. आज दीड लाख घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी हात झटकावेत, याला काय म्हणायचं?

*

नंतरची काळजी म्हणजे नेमकं काय, हे आपल्यालाही नीट ठाऊक असायला हवं. पोटाची कातडी काढून ताणून बसवली की खाली पोकळी राहते, तिथे पाणी साचतं. ते बाहेर यावं म्हणून नळ्या ठेवतात आणि रोजचं पाणी पुरेसं कमी झाल्यावरच काढतात. नळी काढल्यावरही पाणी साचू शकतं, मग ते सुईने काढावं लागतं. पट्टा काही आठवडे बांधायचा असतो, साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. पण दिवसभर पडून राहायचंही नसतं. थोडं थोडं चालावं लागतं, नाहीतर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून पोटरी दुखून सुजली, एकदम दम लागला, छातीत दुखलं, तर फोटो पाठवत बसायचं नाही, 108 ला फोन करून मोठा दवाखाना गाठायचा. ताप, पसरत जाणारी लाली, घाण वास, काळी पडणारी कातडी, यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. आणि आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. खर्रा आणि गुडाखू. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती बंद हवी. हे तिला कुणीही विचारलं नव्हतं.

अशा ऑपरेशननंतर काय होऊ शकतं, ते आपण पाहिलेलं आहे. मे 2022 मध्ये बंगळूरला चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड टीव्ही अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली. तिने आईवडिलांना सांगितलं नव्हतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. मार्च 2019 मध्ये मुंबईत एक उद्योजक डोक्यावर केस लावून घेतल्यानंतर दगावला. अमेरिकेत नोव्हेंबर 2007 मध्ये डोंडा वेस्ट या प्राध्यापक बाई असं ऑपरेशन करून घरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी वारल्या. त्यांच्या नावाने कॅलिफोर्नियात 2009 साली कायदा झाला, तो ऑपरेशनआधीच्या तपासणीचा. नंतर घरी काय होतं, याकडे कायद्याचं लक्ष तिथेही कमीच.

आणि हे फक्त पैसेवाल्यांचं दुखणं आहे असं कुणी म्हणू नये. शेजारच्या छत्तीसगडमध्ये नोव्हेंबर 2014 मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली. त्यांना लगेच घरी पाठवलं. पुढच्या दिवसांत त्यातल्या अनेक जणींचे जीव गेले. त्यानंतर 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला. बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. त्यांच्या बाजूने आपण उभ्या राहिलो. गर्भाशय काढलेली मजूर बाई आणि पोट आवळून घेतलेली नोकरदार बाई, दोघींची कहाणी एक नाही. पण दोघींनाही पाठवणाऱ्याने एकाच गृहीतावर घरी पाठवलं, की पुढचं घरातली दुसरी कुणीतरी बाई करेल. जाऊ, आई, दहा वर्षांची लेक. त्यांच्या कष्टांची किंमत कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेली नसते.

*

हक्काच्या काही गोष्टी लिहून ठेवा, बैठकीत वाचून दाखवा.

डॉक्टरने पैसे घेऊन केलेला इलाज ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला त्यातून सूट नाही. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार बाई जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दवाखाना कुठल्याही शहरात असो, तिरोड्याची बाई गोंदियाला तक्रार देऊ शकते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

आपली कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत मिळाली पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. संमती म्हणजे नुसती सही नव्हे. ऑपरेशनचे धोके आणि दुसरे पर्याय समजावून सांगून घेतलेली तीच संमती, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात म्हटलं. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांप्रमाणे खाजगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आरोग्य विमा घेताना हे ध्यानात ठेवा की सौंदर्यासाठीचं ऑपरेशन त्यात बसत नाही. भाजणं, अपघात, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती बसू शकते.

आणि पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न. ऑपरेशन कोण करणार, त्यांची पदवी कोणती? नळ्या आणि टाके कोण काढणार, कुठे? रात्री दोन वाजता ताप आला तर कुणाचा फोन लागेल? पुन्हा उघडावं लागलं तर खर्च कुणाचा? आमच्या गावात ड्रेसिंग कोण करेल, त्यांच्यासाठी चिठ्ठी द्याल का? सूचनांचा कागद मराठीत मिळेल का? उत्तरं लेखी मागायची. लेखी द्यायला जो कचरतो, त्याच्याकडे जाऊ नये.

*

आमच्या या मैत्रिणीने अजून तक्रार केलेली नाही. तक्रार केली तर सासूला कळेल, गल्लीत कळेल. आम्ही तिला घाई करत नाही, पण मुदतीची तारीख तिला लिहून दिली आहे. जावेची ती वही तिने जपून ठेवली आहे. तारीखवार, वेळेसकट, पाणी किती आलं, ताप किती चढला, फोन केव्हा केला आणि उत्तर केव्हा आलं, सगळं त्यात आहे. दवाखान्याने दिलेल्या कागदापेक्षा तो हिशेब जास्त बोलतो. उद्या आयोगासमोर उभं राहायचं ठरलं तर ती वही कामाला येईल.

आमच्या गटाने एवढं ठरवलं आहे की कुठलंही ऑपरेशन झालेली बाई गावात आली, की पहिला आठवडा आळीपाळीने एकीने तिच्याकडे जायचं. अंगात ताप आहे का बघायचं, पाणी भरून द्यायचं, लागलं तर दवाखान्यात सोबत जायचं. ऑपरेशन कसलं, हा प्रश्न डॉक्टरसाठी. आपण विचारायचं, आज कसं वाटतंय?

तुमच्या गावात, तुमच्या गटात असं कुणाचं झालं असेल तर आम्हाला कळवा. नाव छापणार नाही. ऑपरेशनचा खर्च लिहाच, पण त्यानंतरचे दिवस कुणी काढले तेही लिहा.

— संपादक मंडळ