एकविसाचा पट

परवा भातकुली तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. गुरुजींची तेवढी एकच अट होती. पट विचारला तर म्हणाले, "एकवीस होता भाऊ, आता वीस झाला. एक पोरगी कॉन्व्हेंटले गेली. व्हॅन दारात येते नं!"

एकच पोरगी गेली, पण कागदावर पट जवळपास पाच टक्क्यांनी घसरला. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात मात्र वीसपर्यंतच्या पटाला नियमित शिक्षक एकच, दुसरा लागलाच तर सेवानिवृत्तांतून, असं ठरलं. त्या हिशेबाने ती पोरगी दप्तरासोबत एक गुरुजीही घेऊन गेली.

लहान शाळेची टक्केवारी अशीच फसवी असते. 'अनुसूचित जमाती १० टक्के' असं वाचून तालुक्याचा साहेब मान डोलावेल. ते दहा टक्के म्हणजे एकाच घरचे दोन भाऊ. त्यांच्या बापाने गाव सोडलं की प्रवर्गाचा रकाना शून्य. इथे टक्के बाजूला ठेवावेत आणि नावं वाचावीत.

त्यात मोजायची तारीख ३० सप्टेंबर. यूडायसची, म्हणजे सरकारी शाळा-नोंदणीची, माहिती त्या दिवशीचा पट धरून भरतात. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी खरा जोर धरते ती त्यानंतर, मग कापसाची वेचणी. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामाला खाली उतरतात. त्यांची लेकरं वर्गात बसतात, खिचडी खातात, पण ३० सप्टेंबरच्या आकड्यात ती इथली नसतात. बाजार भरायच्या आधीच दुकानं मोजल्यासारखं झालं हे! तारीख ठरवणाऱ्याने वऱ्हाडातलं वावर पाहिलं नसावं.

मोजणी नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली, तेव्हा लाखो नावांमागे पोरच सापडलं नाही. हजेरीपटावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे दिवस तेव्हाच संपले.

पण पट घटला म्हणजे शाळा बिघडली, हा निकाल फार घाईचा. महाराष्ट्राचा प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ आला, लोकसंख्या कायम राहायला २.१ लागतो. पाळणेच कमी हलले तर पहिलीचा वर्ग कशाने भरेल? म्हणून शाळेचा पट अंगणवाडीच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचावा. गावात शाळेच्या वयाची बावीस लेकरं असतील आणि वीस इथे येत असतील, तर गुरुजींचा सत्कार करा. साठ असतील, तर चाळीस कुठे जातात ते शोधा.

शोधायला दाखल-खारीज रजिस्टर आहेच. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मी पाच वर्षांची पानं उलटली. ओळीने एकच मजकूर: 'पालकांच्या विनंतीवरून.' विनंती कशासाठी, ते कुठेच नाही. व्हॅन, इंग्रजी, गुरुजींची बदली, की खारपाणपट्ट्यातलं पाणी?

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, पुढच्या सभेआधी त्या रजिस्टरातली नावं उतरवून घ्या आणि एकेका घरी जाऊन विचारा. वीस पोरांच्या शाळेला दोन संध्याकाळी पुरतील.