आधी मोजा, मग विचारा

यंत्र बिघडलं की आपण मेकॅनिकला दोनच शब्द सांगतो: ‘चालत नाही.’ दुकानात हे खपून जातं, कारण वस्तू त्याच्यासमोर असते. पण मदत करणारा माणूस शंभर किलोमीटरवर बसलेला असेल, तर एवढ्यावर तो काय करणार? डॉक्टरला फोन करून नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यातलाच हा प्रकार.

शिरपामाळ म्हटलं की बाहेरच्यांना सुरतेच्या वाटेवर इथे थांबलेले शिवाजी महाराज आणि त्यांचं स्वागत करणारे जव्हारचे राजे विक्रमशहा आठवतात. आम्हा इथल्यांना त्याबरोबर पावसाळ्यातली लाईटही आठवते. ती जाते, येते, आणि येताना व्होल्टेज कमी आणील की जास्त, याचा नेम नसतो. अशाच एका जा-येनंतर आमच्या घरचा स्ट्रीमर बसला. स्ट्रीमर म्हणजे वाय-फायवरून गाणी घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला पुरवणारी डबी. दिवा लागायचा, लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या.

डोंबिवलीचे एक काका व्हॉल्व्हच्या जमान्यापासून हौसेने अ‍ॅम्प्लिफायर बांधतात. त्यांना फोन लावला.

‘आतल्या सप्लायला किती व्होल्ट येतात?’

‘पाच पॉइंट एक, काका.’

‘लोडवर मोजलेस की मोकळे?’

सगळी मेख या प्रश्नात होती. सप्लायची वायर बोर्डापासून सोडवून मोजली, तर पाच व्होल्ट ठणठणीत दिसत होते. बोर्ड जोडून मोजले, तर चारच्याही खाली येत होते. चिप सुरू व्हायला जाई, करंट मागे, व्होल्टेज कोसळे आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. लुकलुकण्याचं कारण एवढंच. काका म्हणाले, ‘आउटपुटचा कपॅसिटर गेलाय. डोकं फुगलंय का बघ.’ फुगलंच होतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. बंद डबीत गरम भागाला चिकटून बसवलेला स्वस्त कपॅसिटर आधी मरतो, तो यामुळेच. काकांनी बजावलं, ‘नवा घेताना १०५ अंशांचाच घे. आणि मोठ्या कपॅसिटरला हात लावू नकोस, प्लग काढल्यावरही त्यात तीनशे व्होल्ट राहतात.’

पुढचं काम मोखाड्याच्या टीव्ही मेकॅनिकने केलं. त्यालाही गाण्यांचा नाद, त्यामुळे दुकानातली इतर कामं बाजूला राहिली. मोठा कपॅसिटर त्याने आधी रीतसर डिस्चार्ज केला. फुगलेला काढून नवा बसवताना वजा बाजूची पट्टी दोनदा पाहिली. पण थेट प्लग लावला नाही. शंभर वॉटचा जुना बल्ब सिरीजमध्ये टाकला. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो मंदावला. डबीचा दिवा स्थिर झाला. कपॅसिटरची किंमत चहा-वड्याएवढी. बाकी सगळं मोल त्या एका प्रश्नाचं आणि त्या बल्बचं.

मात्र हौशी लोकांचा हात कुठवर पोचतो, हे बनवणारा ठरवतो. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हे असंच गाणी पुरवणारं यंत्र घ्या. २०१५ साली आलं, २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. ९ मार्च २०२५ ला जगभरातली ही यंत्रं एकाएकी रुसली. आत काहीच जळलं नव्हतं. डिजिटल सर्टिफिकेटची दहा वर्षांची मुदत संपली होती. हे निदानही हौशी लोकांनीच झटपट केलं. पण नवं सर्टिफिकेट घालणं कंपनीच्याच हाती होतं. काही दिवसांनी कंपनीचा अपडेट येईपर्यंत वाट पाहण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर नव्हतं.

दुसरं उदाहरण स्क्वीझबॉक्स या स्ट्रीमरचं. तो बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये ही यंत्रं बंद केली आणि २०२४ मध्ये त्यांची इंटरनेट सेवाही गुंडाळली. तरी ती आजही वाजतात. घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्यांच्या सर्व्हरचा कोड पहिल्यापासून खुला होता. तो हौशी मंडळींनी पुढे सांभाळला, आता त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पायकोरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाकलं, तर त्याच सर्व्हरला जोडणारा नवा प्लेअर घरीच तयार होतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचे तपशील तिथे द्यावेत, हा उद्देश चांगलाच. पण अशा यंत्रांच्या बाबतीत स्क्रू आणि कपॅसिटरवर थांबून भागणार नाही. कंपनी सेवा बंद करत असेल, तर तिने कोड खुला करून जावं, अशी मागणी ग्राहकांनी लावून धरली पाहिजे.

तोवर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. डबी स्क्रूने उघडते की गमने चिकटवलीय? अ‍ॅडॉप्टर बाहेरचा, बाजारात मिळणारा आहे का? कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तर घरातल्या फाइली वाजतील का? तिन्हींवर त्याने खांदे उडवले, तर खिशातला हात बाहेर काढू नका. आणि घरातलं यंत्र बिघडलंच, तर मदत मागण्याआधी मल्टिमीटर लावा. लोडवर.